चाळिशीनंतरचा पेहराव: आधी माप, मग साडी

चाळिशी ओलांडली की कपाटातले निम्मे ब्लाउज नकोसे होतात. आरशात काहीतरी खटकतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. मग "आता आपलं वय झालं" म्हणत बाई मातकट, फिक्या रंगांकडे वळते, नाहीतर लेकीच्या कपाटातला कुर्ता घालून बघते. दोन्हींनी भागत नाही, कारण खटकत असतं ते माप. या वयात वजन तेवढंच राहिलं तरी अंगाची ठेवण बदलते. कंबर भरते, दंड भरतात, छाती थोडी खाली येते, खांदे किंचित पुढे झुकतात, पाठीचा वरचा भाग गोलावतो. शिंप्याकडे मात्र दहा वर्षांपूर्वीचाच ब्लाउज नमुना म्हणून जातो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात कापडाला तोटा नाही. शहापूर-वडगावात माग आहेत, इरकल आणि गुळेदगुडचा खण बागलकोट जिल्ह्यातून सहज येतो, आणि खडेबाजारात एक फेरी मारली की चार पिढ्यांना पुरेल एवढं कापड दिसतं. कमी पडते ती शिलाई. म्हणून आमचं सांगणं सरळ आहे. वर्षाच्या खर्चातून एक साडी कमी घ्या आणि ते पैसे आतल्या कपड्यांवर आणि चांगल्या शिलाईवर घाला. वयाला शोभणं हे त्यानंतर आपोआप जमतं.

आतून सुरुवात

ब्लाउजचं माप देण्याआधी ब्रा नीट बसते का ते बघायचं, कारण सगळं माप तिच्यावर उभं असतं. आरशाला पाठ करून उभ्या राहा. मागची पट्टी जमिनीला समांतर हवी. ती वर चढलेली दिसली तर पट्टी सैल आहे, आणि सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर पडतोय असं समजा. खांद्यावर खळगे पडणं, मान आखडणं याचं एक कारण हेच असतं. बायका पट्ट्या आवळत जातात, त्याने पाठ आणखी वर ओढली जाते. मागच्या पट्टीखाली दोन बोटं जेमतेम जावीत, खांद्याच्या पट्टीखालीही दोनच. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. वापरून पट्टी सैलावली की आतले हुक कामी येतात. दुकानातच आतल्या हुकावर घट्ट बसणारी घेतली तर सहा महिन्यांत ती निरुपयोगी होते.

कपाच्या वर मांस उतू येत असेल तर कप लहान आहे. अशा वेळी पट्टीचा आकडा वाढवू नका, कप वाढवा. ३६ बी आवळ होते म्हणून ३८ बी घेतली की पाठ सैल पडते, असं नेहमी होतं. तिथे ३६ सी बघायची.

परकराकडे तर कुणी लक्षच देत नाही. पोट पुढे आलं असेल तर चुणीदार, घेरदार परकर टाळा. नाड्यात गोळा झालेल्या चुण्यांनी कंबरेवर अर्धा-पाऊण इंच नुसतं कापड वाढतं. सहा कळ्यांचा, वर सपाट आणि खाली पसरणारा परकर चांगला. मऊ सुती पॉपलीनचा घ्या. चकचकीत सॅटिनवर सुती साडी ठरत नाही, निऱ्या घसरतात. नाडी सुतळीसारखी बारीक नको, पाऊण इंच रुंद पट्टी असली की काचत नाही. जिथे रोज नाडी बांधता तिथली कातडी काळवंडली किंवा खरखरीत झाली असेल तर नाडी लगेच बदला आणि गाठ दररोज थोडी सरकवून बांधा. डाग जात नसेल किंवा तिथे जखम होत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, ते लांबणीवर टाकू नका. लांबी साडीच्या काठापेक्षा एक ते दीड इंच वर, आणि ती मोजायची ते रोजची चप्पल पायात घालून.

मासे-कटचे ताणणारे परकर हल्ली लग्नात खूप दिसतात. जॉर्जेट, शिफॉनखाली ते छान दिसतात. पण इरकलीसारख्या जाडसर सुती पोताखाली त्यांची गरज नसते, आणि त्यात पाय मोकळे पडत नाहीत. पंगतीत मांडी घालून बसायचं असेल तर नकोच.

माप कसं द्यायचं

जुना ब्लाउज देऊन "याच्यासारखाच, थोडा सैल" असं सांगितलं की काय होतं ते आधी समजून घ्या. शिंपी बाजूच्या शिवणी अर्धा-अर्धा इंच सोडतो. छाती वाढते, पण टक्सचं, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चिमटीचं, टोक पूर्वीच्याच उंचीवर राहतं, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, तेवढाच राहतो, दंड तेवढाच. ब्लाउज सैलही वाटतो आणि काचतोही. म्हणून वर्षातून एकदा अंगावर माप घ्यायचं. पुढच्या क्रमाने घेतलं की चुका कमी होतात.

१. जी ब्रा रोज घालणार तीच घालून, श्वास सहज सोडून, हात खाली ठेवून उभं राहायचं. पोट आत ओढायचं नाही.

२. छाती सर्वांत भरलेल्या जागी. टेप पाठीवर खाली घसरू देऊ नका. सुती अस्तरी ब्लाउजला या मापावर एक ते दीड इंच सैलपणा पुरतो.

३. छातीखालचा घेर, जिथे ब्लाउज संपतो तिथला. खाली बसून पुन्हा मोजा. बसल्यावर हा घेर वाढतो. दोन्हींतलं मोठं माप द्या.

४. खांद्याच्या वरच्या शिवणीपासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर. हे माप सर्वांत महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच राहून जातं. तिशीत ते साडेनऊ असेल तर पन्नाशीत साडेदहा होऊ शकतं. टक्सचं टोक या बिंदूच्या एक इंच अलीकडे थांबायला हवं. ते बिंदूच्या वर गेलं की पुढे टोकदार पिशवी होते आणि खाली चुण्या पडतात.

५. खांदा मागून, एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत. या वयात खांदा मोठा धरला तर बाही उतरलेली दिसते आणि सगळी बाईच वाकलेली वाटते.

६. दंडघेर, बाही जिथे संपणार तिथे, हात कोपरात वाकवून. त्यावर एक इंच सूट.

७. उंची. पूर्वी १४ इंच चालत असेल तर आता १५ किंवा साडेपंधरा करून बघा. पोटाचा वरचा भाग झाकला जातो आणि बसताना ब्लाउज वर सरकत नाही.

मुंढ्याचं थोडं वेगळं सांगायला हवं. काखेत काचतं म्हणून बायका मुंढा मोठा करायला सांगतात. मुंढा खाली गेला की हात वर करताना बाहीबरोबर सगळा ब्लाउज वर ओढला जातो. बसमध्ये वरचा दांडा धरला की पोट उघडं पडतं, ते यामुळेच. मुंढा काखेपासून अर्धा ते पाऊण इंचच खाली हवा, आणि मोकळेपणा बाहीच्या वरच्या रुंदीत द्यायला सांगायचा. चांगला लेडीज टेलर हे ऐकल्याबरोबर ओळखतो की समोरच्या बाईला शिवणातलं कळतं, आणि कात्री जपून चालवतो.

"काकू, थोडं सैल ठेवू का?" असं तो विचारेल. सैल नको, माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, जास्त ठेवा म्हणायचं. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया असली की ब्लाउज चार-पाच वर्षं चालतो. माया फक्त बाजूला असून भागत नाही, बाहीच्या खालच्या शिवणीतही हवी. नाहीतर छाती उसवता येते आणि दंड तसाच अडकतो.

अस्तर, आणि वरचं कापड सुती असेल तर तेही, शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं. सुती अस्तर आटतं, वरचं रेशमी कापड तेवढं आटत नाही. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर वरचं कापड फुगतं, शिवणी वेड्यावाकड्या होतात. टू बाय टू किंवा मऊ केंब्रिक अस्तराला उत्तम. पॉलिस्टरचं अस्तर स्वस्त पडतं, पण पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून अचानक उष्णतेच्या लाटा येतात तेव्हा त्यात जीव नकोसा होतो. मे महिन्यातल्या भरलेल्या मंगल कार्यालयात तर विचारूच नका. त्यासाठी काखेत बसणारे घामाचे पॅड मिळतात, नाहीतर मऊ सुती कापडाचा दुहेरी अर्धगोल शिवून चार टाक्यांनी लावून घ्यावा. घरी आल्यावर काढून धुता येतो, जरीचा ब्लाउज वाचतो.

हुक पुढे हवेत. खांदा आखडण्याचा त्रास चाळीस ते साठच्या वयात जास्त दिसतो, मधुमेह असेल तर आणखी. मागे हात जात नसताना पाठीला हुक किंवा झिप असलेला ब्लाउज म्हणजे दर वेळी कुणालातरी हाक मारणं आलं. पाठीवर नक्षी हवी असेल तर ती असू द्या, उघडझाप पुढूनच. हुक सव्वा-सव्वा इंचावर लावायला सांगा. दोन इंचांवर लावले की बसताना मधे फट पडते, मग ब्लाउज घट्ट झाला असं उगाच वाटतं.

गळा आणि बाही

पन्नाशीला गळा बंदच हवा असा नियम कुणी केलेला नाही. मान आखूड आणि भरलेली असेल तर बंद गळ्याने ती आणखी आखूड दिसते. तिथे पुढे साडेसहा ते सात इंचांचा पानगळा किंवा थोडा लांबट यू शोभतो. मान लांब, हाडं वर आलेली असतील तर बोटनेक, कॉलर छान. गळ्याची रुंदी जपा. खांद्यावर कापडाची पट्टी निदान दोन इंच शिल्लक राहिली पाहिजे, नाहीतर ब्रा दिसते आणि दिवसभर हात खांद्यावर राहतो. मागचा गळा खोल करायला काहीच हरकत नाही. फक्त पाठीवर मांसाची वळी जिथे पडते त्याच्या वर किंवा पार खाली तो संपावा, बरोबर वळीवर नको.

बाहीचंही तेच. दंडाच्या सर्वांत भरलेल्या जागी बाही थांबली की नजर तिथेच जाते. कोपराच्या दोन इंच वर थांबणारी, साधारण नऊ-दहा इंचांची बाही बहुतेकींना चांगली दिसते. कोपराखाली जाणारी पाऊण बाही थंडीच्या दिवसांत सुरेख, पण भांडी घासताना, फळ्यावर लिहिताना ती वर सारता आली पाहिजे, म्हणून कडेला अर्ध्या इंचाची चीर ठेवून घ्या. बिनबाहीचा ब्लाउज आवडत असेल तर जरूर घाला. त्यात मुंढ्याची कड उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीने घट्ट बसवलेली हवी, एवढंच.

इरकल आणि खण

आपल्या भागातल्या बाईला इरकलीसारखं या वयात दुसरं काही शोभत नाही, हे आम्ही पक्षपाताने म्हणतो आहोत आणि मुद्दाम म्हणतो आहोत. अंगाच्या कापडाला वजन असतं, ते अंगाला चिकटत नाही आणि फुगतही नाही. रुंद काठ, लाल पदरावरचे पांढरे पट्टे, इतकं असल्यावर वेगळा थाट करावा लागत नाही. आज्जीच्या पिढीने ते नऊवारी लुगडं म्हणून नेसलं, आता तीच वीण सहावारीत मिळते.

घेताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे पदराचा जोड. इरकलीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो आणि दोन्हींचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात. याला तोप-तेणी म्हणतात. जोड उन्हात धरला की तो फाशांचा दिसतो, शिवणीचा नव्हे. नेसताना तो खांद्याच्या आसपास येतो, म्हणून पिन त्याच्यापासून चार बोटं दूर लावा. जोडावर पिन लागली की फासे ओढले जातात आणि तो दुरुस्त करणारा हात शहरात मिळत नाही.

दुसरी, सूत. पारंपरिक पदर रेशमी असतो, अंग सुती, सुती-रेशमी किंवा पूर्ण रेशमी. आता कृत्रिम रेशमाची, यंत्रमागावरची इरकल पुष्कळ येते. तीही वाईट नाही, रोज नेसायला सोयीची आहे. पण हातमागाच्या भावात ती घेऊ नका. दुकानदाराला सरळ विचारा, आणि बिलावर लिहून घ्या.

तिसरी, लांबी. सहावारी म्हणजे साडेपाच मीटर. कंबर ४० इंचांच्या पुढे असेल आणि साडी सव्वापाचच भरली तर निऱ्या चारच पडतात, पदर गुडघ्यापर्यंत पोचत नाही. ब्लाउजपीस सकट ६.३ मीटर असेल तर ठीक. इरकलीला ब्लाउजपीस नसतो असंही होतं, तेव्हा मोजून घ्या.

कशिदा केलेली इरकल घ्यायची असेल तर उलट बाजू बघा. हातच्या कशिद्यात धागे मोजून टाका घालतात, गाठ मारत नाहीत, त्यामुळे गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. पाठीमागे धाग्यांचं जाळं किंवा कागदी अस्तर दिसलं तर ते यंत्राचं काम. गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन असे मोठे नमुने पदरावर असावेत, अंगभर नको. बुटक्या बाईला अंगभर मोठे नमुने जड पडतात.

पहिल्यांदा धुण्याआधी पदराचा कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालाने दाबून धरा. लाल उतरला तर ती साडी ड्रायक्लीनलाच द्यायची. नाही उतरला तरी पहिल्या दोन धुण्यांना पदर वेगळा बांधून पाण्याबाहेर ठेवा, थंड पाणी आणि सौम्य साबण वापरा, सावलीत वाळवा. पिळायची नाही.

आता खण. पारंपरिक खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान, साधारण ३१-३२ इंचांचा. नेहमीच्या कापडाच्या हिशोबाने ८० सेंटीमीटर आणलं की शिंपी बाही छोटी करतो, नाहीतर काखेत जोड देतो. ४० छाती, १५ उंची, दहा इंची बाही असेल तर सव्वा मीटर लागतं. काठ बाहीच्या कडेला हवा असेल तर बाही आडवी कापावी लागते, तेव्हा दीड मीटर घ्या. मोठ्या पन्ह्याचा खणही हल्ली मिळतो, म्हणून दुकानात आधी पन्हा मोजायचा आणि मग लांबी सांगायची. काखेतला चौकोनी तुकडा मात्र दोष समजू नका. जुन्या चोळ्यांना तो मुद्दाम लावत, हात वर नेताना त्यानेच मोकळीक मिळे.

खणाचा ब्लाउज साडीच्या रंगाचाच असायला हवा असं नाही. हिरव्या इरकलीवर डाळिंबी, काळ्या चंद्रकळेवर आमसुली किंवा मोरपंखी, मोतिया साडीवर गडद निळा. पण साडीचा काठ आणि खणाचा काठ दोन्ही जरीचे असतील तर एकाची जर सोनेरी आणि दुसऱ्याची रुपेरी नको. अख्खा खणाचा कुर्ता किंवा अख्खी खणाची साडी हल्ली चालते. कुर्त्याला अस्तर हवंच, नाहीतर बसण्याच्या जागी कापड फसकतं.

नेसताना

निऱ्या पाच ते सात, प्रत्येकी साडेचार ते पाच इंचांच्या. पोट असेल तर पाचच, आणि त्या नाभीवर नव्हे तर किंचित डावीकडे खोचा. पिन निऱ्यांच्या वरच्या टोकाला लावली की त्या पोटावर पंख्यासारख्या उघडतात. तीच चार इंच खाली, आतल्या बाजूने लावा. पहिला वेढा परकरात नीट सपाट खोचला की पोटावर कापड गोळा होत नाही. बहुतेक बायका निऱ्यांवर वेळ घालवतात आणि पहिला वेढा घाईत उरकतात असं म्हणायला हरकत नाही. तिथेच सगळं बिघडतं.

पदराच्या चार घड्या पुरतात. पिन ब्लाउजच्या शिवणीत, आतून, आणि मागे कापडाचा छोटा चौकोन किंवा सपाट गुंडी ठेवून. रेशमी साड्या खांद्यावर फाटतात त्या पिनेच्या ताणामुळे.

फॉल लावण्याआधी तो भिजवून आटवून घ्या, नाहीतर धुतल्यावर काठ आत वळतो. काठाच्या रंगाशी जुळणारा, अडीच मीटरचा, आणि टाके हातानेच.

स्टार्च जपून. कडक खळ घातलेली सुती साडी सडपातळ बाईला रुबाबदार दिसते, भरल्या अंगाला ती फुगवते. अर्ध्या प्रमाणात, म्हणजे अर्धी वाटी भाताची पेज बादलीभर पाण्यात, एवढीच.

रंग

केस पांढरे व्हायला लागले, की चेहऱ्याजवळचा करडा, मळकट बदामी, धुवट गुलाबी हे रंग चेहऱ्यावरचं तेज काढून घेतात. वय झालं म्हणून बायका नेमके तेच रंग निवडतात. त्याऐवजी कुंकवाचा लाल, डाळिंबी, जांभळा, मोरपंखी, बाटलीहिरवा, गर्द निळा करून बघा. दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. साडी दारात उजेडात न्या, हनुवटीखाली धरा आणि सोबतच्या बाईला विचारा: आधी काय दिसतं, साडी की चेहरा? डोळ्यांखालची काळोखी गडद वाटली तर तो रंग बाजूला ठेवा. फिका रंगच आवडत असेल तर ब्लाउज गडद घ्या, कारण चेहऱ्याजवळ असतो तो ब्लाउज.

नवरा गेला म्हणून रंग सोडायचा हे आपल्या गावागावांत अजून चालतं. कुणी थेट बोलत नाही, भेट म्हणून पांढरट साडीच पुढे करतात. तुमच्या घरात अशी आई, जाऊ, वहिनी असेल तर पुढच्या सणाला तिला निळी किंवा हिरवी साडी द्या, आणि सोबत ब्लाउज शिवून द्या. नुसतं कापड दिलं तर ते कपाटात पडून राहतं.

काठ उंचीवर ठरवा. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर दोन ते तीन इंचांचा काठ, साडेपाच फुटांच्या बाईने सहा इंचांचा खुशाल नेसावा.

कुर्ता

कुर्त्याची कड पोटरीच्या किंवा नितंबाच्या सर्वांत रुंद जागी संपू नये. गुडघ्याच्या जरा खाली किंवा पोटरीच्या खालच्या निमुळत्या भागावर संपावी. छातीला तीन ते चार इंच सूट, नितंबाला तेवढीच. बाजूचा कट उभं राहिल्यावर पसरत असेल तर नितंबाचं माप कमी पडलंय, कट जास्त वर नेऊन ते सुटत नाही. पुढून पोटावर दोन उभ्या शिवणी टाकून घेतल्या तर कापड सरळ खाली पडतं. कंबरेत दोरी आवळणारे, छातीखाली चुण्या घातलेले कुर्ते या वयात बहुतेकींना फुगीर दिसतात.

घट्ट लेगिंगपेक्षा सरळ पँट बरी. घोट्याच्या एक इंच वर. खिसा जरूर शिवून घ्या. चष्मा, मोबाइल आणि किल्ल्या हातात घेऊन फिरताना कुठलाच कपडा नीट दिसत नाही.

पाऊस, थंडी आणि चप्पल

बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, पावसाळ्यात हवा गार आणि ओली. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर जून ते सप्टेंबर सुती साडी वाळतच नाही. या चार महिन्यांत जॉर्जेट, क्रेप, हलकी सिंथेटिक साडी आणि खाली सुती ब्लाउज ही जोडी ठेवा. साडी एक इंच वर नेसा, फॉल गडद लावा. अथणी, रायबागकडे उन्हाळा कडक असतो, तिथे हीच साडी मे महिन्यात अंगावर सहन होणार नाही.

थंडीत साडीवर स्वेटर घालायचा तर तो कंबरेला संपणारा, पुढून उघडा. लांब स्वेटरखाली निऱ्यांचा फुगवटा येतो. कुर्त्यावर मात्र लांबच चांगला. सर्वांत सुरेख म्हणजे शाल, तीही चेहऱ्याला मानवणाऱ्या रंगाची. घरात जी असेल ती ओढून निघायचं नाही.

चामड्याच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हेही आहेत. अथणीची चप्पल आपली घरचीच म्हणायची. इरकलीखाली तिच्यासारखं दुसरं काही शोभत नाही. घेताना ती किंचित आवळच घ्यायची, वापरून चामडं सैलावतं. पहिले आठ दिवस रात्री पट्ट्यांना आणि अंगठ्याच्या फासाला एरंडेल चोळा, दिवसा घरातच तासभर घाला. टाच दुखत असेल तर सपाट कडक तळ चालत नाही. तिथे आतून मऊ गादी बसवलेली घ्या किंवा चांभाराकडून पातळ रबराचा थर लावून घ्या. पावसात ती घालायचीच नाही. जूनच्या आधी पुसून, तेलाचा हात देऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून उंचावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की बुरशी येते.

दागिने, टिकली

बंद गळ्यावर लांब मोहनमाळ किंवा लांब मंगळसूत्र, खोल गळ्यावर ठुशी किंवा चिंचपेटी. ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ सगळं एकदम घातलं तर गळ्यापाशी गर्दी होते, आणि चष्मा असेल तर आणखी. कानाची भोकं ओघळली असतील तर जड कर्णफुलं रोज घालू नका, कुड्या पुरेत. लग्नात जड घालायचीच असतील तर मागून केसात वेल अडकवा.

टिकलीच्या जागी खाज येत असेल किंवा कातडी पांढरी पडत असेल तर तो चिकट द्रव्याचा परिणाम असू शकतो. टिकली त्याच दिवशी बंद करा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. केसांना रंग लावणाऱ्यांनी प्रत्येक नवा डबा आणल्यावर कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबावं. आजवर काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही असं नसतं.

शिंप्याकडे केव्हा जायचं

गणपतीच्या आधीचा महिना आणि तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस सोडून जा. त्या गर्दीत अस्तर भिजवायला, कच्च्या शिलाईवर घालून बघायला कुणाला वेळ नसतो. कार्यक्रमाच्या निदान वीस दिवस आधी कापड द्या. पहिला ब्लाउज साध्या टू बाय टूचा शिवून घ्या. तो घालून दोन्ही हात वर करा, वाका, पाटावर बसा, पदर घेऊन दहा मिनिटं चाला. जिथे ओढ बसेल तिथे खडूने खूण करा आणि तोच ब्लाउज घेऊन परत जा. खुणेप्रमाणे माप वहीत दुरुस्त झालं, हे डोळ्यांनी बघितल्यावरच रेशमी किंवा खणाचं कापड टेबलावर ठेवायचं.